दामोदर धर्मानंद कोसंबी : गोंगाटातून निरोप ओळखणारा गणिती

आचार्य धर्मानंद कोसंबी हे नाव ठाऊक नाही असे घर आपल्या समाजात विरळाच. 'भगवान बुद्ध' हा त्यांचा ग्रंथ आपल्या वसतिगृहाच्या वाचनालयात इतक्या हातांतून फिरला आहे की, त्याच्या प्रतीला दोनदा नवी बांधणी करावी लागली. त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव मात्र आपल्याकडे तितके पोचले नाही; जेथे पोचले तेथे ते प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून पोचले. वस्तुतः त्यांचा पोटापाण्याचा व्यवसाय गणिताचा होता आणि त्या गणितातील एक विचार आजच्या बिनतारी अभियांत्रिकीच्या पायाशी आहे. ही गोष्ट आम्हांलाही फार उशिरा कळली. दूरसंचार क्षेत्रात काम करणारा आपला एक माजी विद्यार्थी वर्षावासातील एका सायंकाळी भेटावयास आला असता त्याने ती सांगितली. त्या बोलण्यातूनच हा लेख लिहिण्याचे मनात आले.

त्या सायंकाळी विषय निघाला होता तो २६ जुलै २००५ च्या पुराचा. त्या दिवशी मुंबई-ठाण्यावर आभाळ कोसळले. उल्हास नदीने कल्याण-बदलापूरकडे पात्र सोडले, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या आणि थोड्याच वेळात मोबाइलही मुके झाले. हजारो घरांत रात्रभर एकच प्रश्न होता : आपले माणूस कोठे आहे? माणसे एकमेकांपासून मैल-दोन मैलांवर होती, प्रत्येकाच्या हातात फोन होता. तरी निरोप जाईना, कारण मधला टॉवर बंद होता. आमचा विद्यार्थी म्हणत होता की, अशा वेळी टॉवरवाचूनही निरोप जाऊ शकतो; मात्र त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक फोनने दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलण्याची तयारी ठेवली पाहिजे. ही तयारी यंत्रांत कशी निर्माण करावी, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षे अभियंत्यांना गुंतवून आहे. त्याकडे आपण पुढे येऊच. आधी कोसंबी.

दामोदर यांचा जन्म गोव्यातील कोसबे येथे ३१ जुलै १९०७ रोजी झाला. घरी त्यांना बाबा म्हणत. धर्मानंदांनी १८९९ साली बुद्धाच्या शोधार्थ घर सोडले, पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा प्रवास पायी, रेल्वेने, जहाजाने, बहुधा रिकाम्या खिशाने केला आणि पाली विद्या भारतात परत आणली, हा वृत्तान्त आपल्या वाचकांस ठाऊक आहे. त्या शोधाची किंमत घरात बसलेल्या पत्नीने, बाळाबाईंनी, मोजली. चरित्रकार त्यांचा उल्लेख करून लगेच पुढे सरकतात, म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटले. हार्वर्ड विद्यापीठाने 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मानंदांना दुसऱ्यांदा बोलाविले तेव्हा, १९१८ साली, ते आपल्याबरोबर अकरा वर्षांच्या दामोदरांना व थोरली कन्या माणिक यांना घेऊन गेले.

अमेरिकेतील केंब्रिज गावच्या शाळेत हा गोव्याचा मुलगा लॅटिन शिकला, व्यायामाने शरीर कमावून बसला आणि पुढे हार्वर्डमध्ये दाखल झाला. तेथे गणिताबरोबर त्यांनी ग्रीक, फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा भाषा आत्मसात केल्या. तेथेच त्यांची नॉर्बर्ट वीनर यांच्याशी मैत्री जुळली. वीनर यांचे वडील हार्वर्डमध्ये धर्मानंदांचे सहकारी होते. पुढे याच वीनर यांनी गोंगाटात बुडालेला संदेश वेगळा कसा काढावा याचे गणित रचले, आणि महायुद्धानंतर संहारक शस्त्रांसाठी आपली विद्या देण्यास जाहीर नकार दिला. दोघांच्या आयुष्यातील हे साम्य योगायोगाचे म्हणावे की संगतीचे, हे वाचकांनी ठरवावे.

१९२९ साली हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत मिळवून दामोदर भारतात परतले. डॉक्टरेट त्यांनी घेतलीच नाही. दोन वर्षे बनारस हिंदू विश्वविद्यालयात शिकविल्यानंतर फ्रेंच गणिती आंद्रे वेय यांच्या बोलावण्यावरून ते अलीगढला गेले. तेथील एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. वेय यांच्या सूचनेवरून एका सहकाऱ्याची खोड मोडण्यासाठी कोसंबींनी १९३१ साली बूर्बाकी नावाच्या, अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या सिद्धान्ताचा हवाला देणारा एक लेख छापून आणला. काही वर्षांनी फ्रान्समधील तरुण गणितींच्या मंडळाने हेच नाव धारण करून विसाव्या शतकातील गणिताचा चेहरामोहरा बदलला. त्या जगप्रसिद्ध काल्पनिक गणितज्ञाचा छापील जन्म असा उत्तर प्रदेशातील एका नियतकालिकात, एका मराठी वाचणाऱ्या गोंयकाराच्या हातून झाला!

१९३१ साली नलिनी मडगावकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि १९३३ पासून पुढची बारा वर्षे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. वेतन बेताचे, संशोधनासाठी ग्रंथ थोडे, आणि गणितावर मनमोकळे बोलावे असे सोबतीही मोजकेच. याच काळात त्यांनी आपले सर्वांत मोलाचे गणिती काम केले.

हे काम समजून घेण्यासाठी आपल्या घोडबंदर रोडवरच उभे राहू. पातलीपाड्याच्या आसपास एखादा टॉवर आहे आणि आपण कासारवडवलीच्या नाक्यावर फोन कानाला लावून उभे आहोत, असे समजा. टॉवरपासून निघालेली लहर आपल्यापर्यंत एकाच वाटेने येत नाही. काही अंश सरळ येतो, काही उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून येतो, काही येऊरच्या डोंगरावरून परततो, तर काही खाडीच्या पाण्यावरून. हे सारे अंश निरनिराळा वेळ घेऊन पोचतात. कधी एकमेकांस बळ देतात, कधी एकमेकांस खाऊन टाकतात. चार बोटे सरकले तरी आवाज पडतो, पुन्हा चार बोटे सरकले की उठतो. या चढउताराची रेघ कागदावर काढली तर ती तापाच्या रुग्णाच्या आलेखासारखी वेडीवाकडी दिसेल, आणि उद्या त्याच जागी उभे राहून काढलेली रेघ आजच्यासारखी असणार नाही. मग अशा बेभरवशाच्या रेघेचा हिशेब मांडावा कसा?

कोसंबींपुढे मोबाइल अर्थातच नव्हता. त्यांच्यापुढे होता तो केवळ त्या वेड्यावाकड्या रेघेचा प्रश्न. त्या काळची संख्याशास्त्रातील रीत अशी की, एकेक संख्या घ्यावयाची, सरासरी काढावयाची, विखुरणे मोजावयाचे. कोसंबींनी विचारले की, एकेका संख्येऐवजी पूर्ण वक्ररेषा हाच एक नमुना मानला तर? १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी दाखविले की, यदृच्छेने बदलणारी अशी रेघ काही ठरावीक मूळ आकारांच्या बेरजेने मांडता येते. आकार निश्चित असतात; कोणता आकार किती प्रमाणात मिसळला आहे एवढेच काय ते दैवाधीन. शिवाय हे आकार असे निवडता येतात की, एकाच्या प्रमाणावरून दुसऱ्याच्या प्रमाणाचा काही सुगावा लागत नाही. आणि पहिल्या मोजक्या आकारांतच रेघेचे बहुतेक सार येऊन जाते. उरलेले सोडून दिले तरी फारसे बिघडत नाही. स्वयंपाकघरातील उदाहरण द्यावयाचे तर, रोजची आमटी वेगळी लागते खरी, पण ती वेगळी लागते मीठ, चिंच, गूळ आणि तिखट यांच्या कमीअधिक प्रमाणामुळे. चार वाट्यांचे माप कळले की आमटी कळली.

हीच गोष्ट फिनलंडच्या कारी कारहुनेन यांनी १९४६-४७ च्या सुमारास आणि मिशेल लोएव यांनी १९४८ मध्ये स्वतंत्रपणे मांडली. जगभरच्या पाठ्यपुस्तकांत ती त्या दोघांच्या नावाने रूढ झाली. युद्धाचे दिवस, भारतात छापलेले नियतकालिक, आणि लेखकाला स्वतःच्या कामाची दवंडी पिटण्याचा तिटकारा; निरोप पाठविला होता, पण मधल्या कोणी तो पुढे नेला नाही. चित्रे कमी जागेत साठविणे, चेहरा ओळखणे, आणि बिनतारी लहरीच्या चढउताराचा नमुना संगणकावर उभा करणे अशा अनेक कामी आज हे गणित वापरले जाते.

गोंगाटाच्या आड दडलेले सत्य शोधण्याची ही खोड त्यांना पुढे इतिहासात घेऊन गेली. निमित्त होते जुन्या नाण्यांचे. तक्षशिलेस सापडलेल्या आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते, सन नसतो. असतात ती ठोकलेली चिन्हे. कोसंबींनी ती नाणी सूक्ष्म तराजूवर तोलली. त्यांचा तर्क साधा होता : नाणे हातोहात फिरते तेव्हा प्रत्येक व्यवहारात त्याचा अगदी लेशमात्र धातू झिजतो. एका नाण्यावरून काही कळणार नाही, कारण एक नाणे फार फिरले असेल, दुसरे गाडग्यात पडून राहिले असेल; परंतु शेकडो नाण्यांची सरासरी झीज काळ सांगेल. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळची चलनातली नाणीही हजारोंनी तोलून पाहिली. १९४४ साली त्यांनी आनुवंशिकीत एक सूत्र दिले. गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर मोजण्यासाठी ते 'कोसंबी फलन' या नावाने आजही वापरात आहे. ज्या विषयात त्यांचे नाव टिकले तो त्यांच्या मुख्य विषयापासून इतका दूरचा असावा, हाही दैवाचा एक खेळच.

१९४५ साली डॉ. होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक म्हणून बोलाविले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. भांडारकर संस्थेजवळच्या आपल्या घरातून निघून ते डेक्कन क्वीनने मुंबईस येत आणि सायंकाळी त्याच गाडीने परतत. म्हणजे वर्षानुवर्षे हा माणूस आपल्या कल्याण-ठाण्यावरून, न थांबणाऱ्या गाडीत, मांडीवर वही ठेवून जात-येत होता. खंडाळ्याचा घाट उतरताना ज्या डोंगररांगा खिडकीतून दिसत त्यांवरच्या लेण्यांकडे त्यांचे लक्ष याच काळात अधिकाधिक वळले.

१९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंड-अमेरिकेस गेले. काम होते तेव्हा नुकत्याच जन्मलेल्या इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांचा अभ्यास. शिकागोस त्यांनी भूमितीचे अध्यापन केले आणि प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतही ते राहिले. त्याच संस्थेत त्या वेळी जॉन फॉन नॉयमन आपला संगणक उभारीत होते. या फॉन नॉयमन यांनीच अर्थशास्त्रज्ञ मॉर्गनस्टर्न यांच्यासह १९४४ साली खेळ-सिद्धान्ताचा, म्हणजे ज्यास आज सर्वजण गेम थिअरी म्हणतात त्याचा, पायाभूत ग्रंथ लिहिला होता. दुसरा काय करील याचा अंदाज घेऊन आपण काय करावे याचे हे शास्त्र. त्याचे जनक स्वतः, रशियाने आधी वार करण्यापूर्वी अमेरिकेने करावा, अशा मताचे होते. कोसंबी त्याच सुमारास जागतिक शांतता चळवळीत ओढले गेले. पुढे ते जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले, चीन-रशियास जाऊन आले, आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणूमागे धावण्यापेक्षा सौरऊर्जेवर पैसा लावावा असे मांडीत राहिले. अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकारच ज्या संस्थेचे संचालक, त्या संस्थेत नोकरी करून हे बोलणे सोपे नव्हते.

कोसंबींनी खेळ-सिद्धान्तात संशोधन केले असा आमचा दावा नाही. परंतु त्या सिद्धान्ताने पुढे जे वळण घेतले ते त्यांच्या दोन्ही विषयांना, गोंगाटाच्या गणिताला आणि इतिहासाला, येऊन भिडते.

झाले ते असे. १९५० साली अमेरिकेत फ्लड व ड्रेशर या दोघांनी एक कोडे रचले. 'कैद्यांचा पेच' म्हणून ते प्रसिद्ध आहे. दोघांनी एकमेकांस साथ दिली तर दोघांचे भले. पण प्रत्येकाने फक्त स्वतःचा फायदा पाहिला तर दगा देणेच शहाणपणाचे ठरते, आणि अखेरीस दोघेही बुडतात. बिनतारी जाळ्यातल्या फोनची स्थिती नेमकी हीच. दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलावा तर आपली बॅटरी खर्ची पडते, लाभ दुसऱ्याला. म्हणून प्रत्येकाने हात आखडला तर कोणाचाच निरोप जात नाही. मात्र हा खेळ एकदाच न होता रोज होणार असेल तर चित्र पालटते. १९८० च्या सुमारास रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर या खेळाच्या दोन स्पर्धा भरविल्या. पहिलीस चौदा प्रवेशिका आल्या, दुसरीस बासष्ट. दोन्ही वेळा जिंकली ती अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठविलेली सर्वांत छोटी रीत : पहिल्यांदा साथ द्या, नंतर समोरच्याने मागील खेपेस जे केले तेच करा. जशास तसे.

अभियंत्यांनी हीच रीत जाळ्यातील फोनना शिकवून पाहिली आणि एक अडचण पुढे आली. शेजारच्या फोनने माझा निरोप पुढे नेला नाही, हे मला कळले. पण का नेला नाही हे कसे कळावे? त्याने मुद्दाम टाळले, की लहर खाडीवरच्या वाऱ्यात विरली? एकदा लहर विरली आणि मी तो दगा समजून उद्या त्याचा निरोप अडविला. परवा तो माझा अडवणार. मग पुन्हा मी. मूळ अपराध कोणाचाच नसताना भांडण चालूच राहते. आम्ही हा खेळ एकदा नववीच्या मुलांसमवेत चिठ्ठ्यांवर खेळून पाहिला. फासा टाकून मधूनमधून एखादी चिठ्ठी गुपचूप काढून घ्यावयाची, एवढीच आमची लबाडी. काटेकोर जशास तसे वागणाऱ्या रांगेत थोड्याच फेऱ्यांत चिठ्ठ्या फिरेनाशा झाल्या आणि दोन मुले तर जेवणाच्या पंगतीतही एकमेकांशी बोलेनात. मग नियम थोडा सैल केला : समोरच्याकडून आलेले थोडेसे उणे पोटात घालावयाचे, फार झाले तरच हात आखडावयाचा. चिठ्ठ्या पुन्हा फिरू लागल्या.

२००३ साली कॅलिफोर्नियातील सॅन दिएगो येथील संशोधकांनी, इटलीतील सहकाऱ्यासह, बिनतारी जाळ्यासाठी नेमकी अशी उदार रीत गणिताने मांडली. घेतले त्यापेक्षा किंचित अधिक देण्याची तयारी प्रत्येक यंत्राने ठेवली तर सर्वांचाच जास्तीत जास्त लाभ होतो, असे त्यांना आढळले. प्रश्न उरतो तो किंचित म्हणजे किती याचा. उदारता फार झाली तर फुकटे माजतात. फार थोडी ठेवली तर गोंगाटच भांडणे लावतो. हे माप ठरविण्यासाठी लहर आपोआप किती वेळा दगा देते हे आधी कळावे लागते, आणि तेथे कोसंबींच्या त्या वक्ररेषेच्या जातीचे गणित उपयोगी पडते. दगा कोणता आणि गोंगाट कोणता, हे ओळखल्याखेरीज सहकार्याचा हिशेब मांडताच येत नाही.

आता त्यांच्या इतिहासाकडे. कोसंबींच्या आधी लेण्यांचा अभ्यास म्हणजे शिल्प, शिलालेख आणि राजवंश. कोसंबी हातात टोकदार काठी घेऊन स्वतः डोंगर चढले, धनगरांशी आणि गावकऱ्यांशी बोलले, जुन्या पायवाटा धुंडाळल्या आणि त्यांनी दाखविले की कार्ले, भाजे, जुन्नर, कुडे येथील विहार निर्जन एकान्तात नव्हेत, तर घाट आणि बंदरे जोडणाऱ्या व्यापारी वाटांच्या मोक्यावर कोरलेले आहेत. कार्ल्याच्या खांबांवर धेनुकाकट नावाच्या वसाहतीतील दात्यांची, त्यांत यवनांचीही, नावे आहेत. त्या वसाहतीवर त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिला. तांड्याला विसावा, पाणी, ओळखीचे माणूस आणि व्यवहाराला विश्वास विहाराकडून मिळे. विहाराला दान तांड्याकडून मिळे.

येऊरच्या डोंगरापलीकडे, आपल्या विद्यालयाच्या पाठीशी असलेल्या त्याच रानात, कान्हेरी आहे. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, चेमुल्ल, नाशिक येथील दात्यांची नावे आढळतात. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी. कल्याणच्या व्यापाऱ्याने डोंगरात खोदविलेल्या पोढीचे पाणी कोण्या अनोळखी वाटसरूने प्यावे आणि त्या वाटसरूने दुसऱ्या कोठे दुसऱ्यासाठी काही करावे, असे हे जाळे होते.

नाशिकच्या लेण्यातील उषवदाताचा लेख तर हिशेबाची वहीच आहे. त्याने तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेविले. पैकी दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल कधीही काढावयाचे नाही, व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे. वाचकांनी गुणाकार करून पाहावा : दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, आणि वीस गुणिले बारा तितकेच. ठेवणारा मरून जाईल, घेणारे भिक्खू बदलतील, तरी विणकर व्याज देत राहतील असा भरवसा दगडावर कोरला गेला. खेळ पुढेही चालणार आहे हे ठाऊक असले की माणसे साथ देतात, ही गोष्ट ॲक्सेलरॉड यांच्या संगणकाने सांगण्यापूर्वी अठराशे वर्षे गोवर्धनच्या विणकरांना व्यवहारातून कळली होती.

कोसंबी येथेच थांबले असते तर आपल्याला अधिक गोड वाटले असते. परंतु पुढे विहारांपाशी धन साचत गेले, धातू आणि संपत्ती देवाणघेवाणीच्या वर्तुळाबाहेर अडकून पडली, आणि ज्या संस्थेने व्यापाराला हात दिला तीच त्यावर ओझे झाली, असेही त्यांनी लिहिले. बुद्धाविषयी त्यांच्या मनात असलेला आदर त्यांच्या ग्रंथांत ठायी ठायी दिसतो; १९५७ साली त्यांनी प्रा. वा. वि. गोखले यांच्यासह विद्याकर या बौद्ध भिक्खूने संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश' संपादून हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केला, ज्या विद्यापीठात वडिलांनी 'विसुद्धिमग्गा'वर कष्ट उपसले होते. तरी आदरापोटी त्यांनी हिशेब लपविला नाही. त्यांचे हे निदान सर्व विद्वानांना मान्य नाही. आम्हांला मात्र ते वाचून आपल्या संस्थांचे जमाखर्च आठवले, हे कबूल करतो.

दुसऱ्यांच्या चुका पोटात घालण्याची कला कोसंबींना साधली नाही. त्यांची जीभ तिखट होती. सुमार काम करणाऱ्यास ते तोंडावर सुमार म्हणत, आणि संस्थेतील मतभेद त्यांनी कधी झाकले नाहीत. भाभांशी संबंध ताणत गेले. त्यातच १९५९ साली त्यांनी कृषि-संख्याशास्त्राच्या एका नियतकालिकात, संभाव्यतेच्या मार्गाने, रीमानच्या अनुमानाकडे जाणारी सिद्धता मांडली. हे अनुमान म्हणजे गणितातील सर्वांत अवघड कोड्यांपैकी एक. आजही ते सुटलेले नाही. सिद्धतेत दोष होता. गणितींनी तो दाखविला, कोसंबी अडून बसले, आणि शुद्ध गणिताच्या वर्तुळात त्यांची पत घसरली. येथे दोष इतरांवर ढकलणे योग्य होणार नाही. हट्ट त्यांचाच होता. पण एका चुकलेल्या सिद्धतेमुळे १९४३ चा निबंधही बराच काळ अडगळीत राहिला, हे न्यायाचे झाले असे आम्हांला वाटत नाही. १९६२ साली टाटा संस्थेतील त्यांची नेमणूक संपुष्टात आली. डेक्कन क्वीनचा प्रवास थांबला.

त्यानंतरची चार वर्षे हाताला काम नसलेल्या माणसाची नव्हती. १९६२ मध्येच 'मिथ अँड रिॲलिटी' प्रसिद्ध झाले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरचा तो ग्रंथ आला, जो आज महाविद्यालयांतून अभ्यासला जातो. १९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत मानद पद्धतीने संशोधन करीत होते. टेकड्यांवरून छोटी दगडी हत्यारे वेचणे चालूच होते. २९ जून १९६६ रोजी पहाटे, झोपेतच, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते अठ्ठावन्न. वडिलांनी १९४७ साली सेवाग्राम येथे अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला होता. पुत्राचाही अखेरचा क्षण गाजावाजा न करता गेला. त्यांच्या कन्या मीरा कोसंबी यांनी पुढे समाजशास्त्रात नाव मिळविले आणि आजोबांचे आत्मचरित्र इंग्रजीत आणले.

३१ जुलै २००८ रोजी, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय डाक विभागाने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. २०१६ साली त्यांचे निवडक गणिती निबंध प्रथमच एका ग्रंथात एकत्र प्रसिद्ध झाले आणि १९४३ चा तो निबंध नव्या वाचकांच्या हाती गेला. आता काही लेखक त्या सिद्धान्ताला तीन नावे जोडतात : कोसंबी, कारहुनेन, लोएव. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याच्या पाठ्यपुस्तकात दोनच नावे होती. तिसरे नाव त्याने समासात पेन्सिलीने लिहिले आहे आणि ते पुस्तक आता आपल्या वसतिगृहाच्या वाचनालयात, 'भगवान बुद्ध'च्या शेजारच्या कप्प्यात, ठेवले आहे.